‘परिणाम झाला’ या दोन शब्दांपलीकडे: नव्याने मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

अनुवाद आणि संपादनाच्या कामात माझ्यासमोर येणाऱ्या मजकुरात ‘परिणाम’ हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा येतो. पावसाचा पिकावर परिणाम, भांडणाचा मुलांवर परिणाम, निर्णयाचा बाजारावर परिणाम. शब्द चुकीचा नाही, पण तो फार थोडं सांगतो. नुकसान झालं की फायदा, ते कुणी सोसलं, चार दिवसांत विरलं की जन्मभर पुरलं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मराठीत यातल्या प्रत्येक प्रश्नाला वेगळा शब्द आहे. तुम्ही नुकतंच बातम्या, अहवाल, अनुवाद किंवा लेख लिहायला सुरुवात केली असेल, किंवा मराठी नव्याने शिकत असाल, तर नेमका शब्द कसा शोधायचा ते इथे क्रमाने सांगते.

हाताशी काय असावं

- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. जुना असला तरी बोलीतल्या वाक्प्रचारांसाठी आजही उपयोगी पडतो.
- दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (सात विभाग, १९३२ ते १९३८). हा आणि मोल्सवर्थ, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात.
- दाते-कर्वे यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’. या विषयासाठी मी सगळ्यांत जास्त उघडते तो हाच, कारण परिणामाचे निम्मे शब्द सुटे नसून वाक्प्रचारात बसलेले असतात.
- सरकारी पत्रव्यवहार किंवा कायद्याचा मजकूर असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. तिथे आपल्या आवडीचा शब्द चालत नाही, ठरलेलाच वापरावा लागतो.
- एक कोरा कागद. पहिल्या पायरीसाठी.

१. शब्द शोधण्याआधी चार गोष्टी लिहून काढा

कृती कोणती? ती कुणी केली? तिचं बरंवाईट कुणाच्या वाट्याला आलं? आणि ते किती काळ राहिलं?

चारांपैकी एखाद्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर अडचण शब्दाची नाही, माहितीची आहे. आधी ती मिळवा. पुष्कळ वेळा ‘परिणाम झाला’ हे शब्द लिहिणाऱ्याला पुरेसं माहीत नसतं म्हणूनच आलेले असतात.

२. नामांचं कुटुंब ओळखा, आणि प्रत्येकाचं क्रियापद सोबत पाठ करा

यातली नामं एकटी शिकू नका. प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं असतं, विभक्तीही बहुधा ठरलेली असते. तिथे चूक झाली की मराठी ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे त्याला लगेच खटकतं.

‘परिणाम’ कशावर तरी होतो. ‘प्रभाव’ पडतो किंवा असतो, आणि तो बहुधा व्यक्तीचा, विचारांचा, शैलीचा असतो. ‘परिणती’ कशात तरी होते: वादाची परिणती हाणामारीत झाली. ‘पर्यवसान’ही तसंच. दोन्ही शब्दांत एका गोष्टीचं रूप पालटून ती दुसरीच होते, म्हणून ‘पावसाची परिणती पिकांवर झाली’ हे वाक्य उभंच राहत नाही. ‘परिपाक’ हळूहळू शिजत आलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवा: ही दुरवस्था वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचा परिपाक आहे. कालच्या एका चुकीचा परिपाक आज होत नसतो.

‘फलित’ म्हणजे खटाटोपातून हाती काय लागलं ते. बैठकीचं फलित काय, असं विचारतात. ‘निष्पन्न’ मात्र वेगळं. चौकशीतून निष्पन्न होतं म्हणजे उघड होतं, सिद्ध होतं. चौकशीमुळे काही घडलं असा त्याचा अर्थ नाही. नवे बातमीदार इथे हमखास घसरतात.

‘पडसाद’ उमटतात, आणि ते माणसांतच उमटतात. सभागृहात, गावात, समाजमाध्यमांवर. पिकांवर किंवा रस्त्यांवर पडसाद उमटत नाहीत.

आणखी दोन सापळे. हिंदीत परीक्षेचा ‘परिणाम’ लागतो, मराठीत ‘निकाल’ लागतो. दुसरा सापळा ‘कार्यकारणभाव’ या शब्दातला. त्यातलं ‘कार्य’ म्हणजे काम नव्हे. तर्कशास्त्रात कारणामुळे जे घडतं त्याला कार्य म्हणतात. म्हणजे परिणामाचा हा जुना शब्द आपण रोज वापरतो आणि ओळखत नाही.

३. नाम सोडा, क्रियापदाकडे या

या लेखातली एकच पायरी तुम्ही पाळणार असाल तर ही पाळा.

मराठी माणूस बोलताना परिणामाचं नाम फारसं उच्चारत नाही. तो म्हणतो, ‘घाई नडली’, ‘अतिउत्साह भोवला’, ‘थंड पाणी बाधलं’, ‘थट्टा अंगलट आली’, ‘तो सौदा महागात पडला’. या सगळ्या वाक्यांची घडण सारखी आहे. केलेली गोष्ट कर्त्याच्या जागी बसते आणि करणारा बहुधा ‘ला’ लागून बाजूला होतो: त्याला घाई नडली. कृती जणू माघारी वळून माणसाला गाठते. ‘घाईचा त्याच्यावर विपरीत परिणाम झाला’ या वाक्यात ती धार नाही.

पण ही क्रियापदं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘नडणे’ स्वभावातल्या उणिवेसाठी जास्त शोभतं: भिडस्तपणा नडला. ‘भोवणे’ म्हणजे केलेल्या गोष्टीची शिक्षा मिळणे: वादग्रस्त विधान भोवलं, मंत्रिपद गेलं. ‘बाधणे’ शरीराशी जवळचं आहे, खाल्लेलं, प्यायलेलं, हवापाणी. ‘अंगाशी येणे’ आणि ‘अंगलट येणे’ यांत आधी काहीतरी धाडस, खोडी किंवा चलाखी केलेली असावी लागते. साधं काम करताना अपघात झाला तर ‘अंगलट आलं’ म्हणू नका. जखमी माणसावर तुम्ही नकळत आगाऊपणाचा आरोप करून बसाल.

एकाने केलं आणि दुसऱ्याला सावरत बसावं लागलं तर त्यासाठी ‘निस्तरणे’ आहे. धाकट्याने घातलेला घोळ थोरलीला निस्तरावा लागला. करणारा आणि भोगणारा वेगळे आहेत हे एका शब्दात कळतं, वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

चांगल्या बाजूलाही तेवढीच श्रीमंती आहे. कष्ट फळाला येतात. आयुष्य सार्थकी लागतं. जुनी ओळख कामी येते. औषध लागू पडतं, किंवा त्याचा गुण येतो. ‘पथ्यावर पडणे’ हा माझा फार आवडता वाक्प्रचार. दुसऱ्याने स्वतःच्या कारणासाठी काही केलं आणि त्याचा फायदा आयता तिसऱ्याला झाला तर तो म्हणायचा: विरोधकांमधली फूट सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावर पडली. इथे ज्याचा फायदा झाला त्याने काहीच केलेलं नाही. त्याने स्वतः डाव रचला असेल तर हा वाक्प्रचार खोटा ठरतो.

क्रियापदाइतकंच लक्ष शब्दयोगी अव्ययाकडे द्या. ‘मुळे’ तटस्थ आहे. ‘पायी’ तसं नाही. ‘मुलांसाठी तिने नोकरी सोडली’ यात तिचा निर्णय आहे. ‘मुलांपायी तिने नोकरी सोडली’ यात तिचं काहीतरी हातचं गेलं आणि त्याचं वाईट वाटतं आहे. ‘दारूपायी घर धुळीला मिळालं’ इथे ‘पायी’ अगदी योग्य. आणि ‘अभावी’ विसरू नका. एखादी गोष्ट न केल्याने जे घडतं त्यासाठी तो नेमका आहे. ‘वेळेत उपचार न झाल्याने’ हे चार शब्द ‘उपचाराअभावी’ या एका शब्दात येतात.

४. सोसणाऱ्याच्या बाजूने शब्द पारखा

‘फटका’ आणि ‘तडाखा’ अचानक बसतात. अवकाळी पावसाचा फटका द्राक्षबागांना, वादळाचा तडाखा किनारपट्टीला. ‘झळ’ हळू आणि दुरून पोहोचते. आग जिथे लागली तिथल्या माणसाला झळ लागली असं म्हणत नाहीत, तो होरपळतो. म्हणून युद्धाची झळ शेजारच्या देशांना बसते, महागाईची झळ सामान्यांना बसते. ज्याचं घरच जळलं त्याला ‘झळ बसली’ लिहिणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ‘भुर्दंड’ फक्त पैशाचा, आणि तोही नाहक पडलेला.

आता एक सापळा, जो दर पावसाळ्यात दिसतो: ‘पूरप्रभावित नागरिक’. हा हिंदी वळणाचा शब्द आहे. मराठीत प्रभावित होणे म्हणजे भारावून जाणे. भाषण ऐकून माणूस प्रभावित होतो, पुराने होत नाही. आपल्याकडे ‘पूरग्रस्त’, ‘भूकंपग्रस्त’, ‘धरणग्रस्त’, ‘प्रकल्पग्रस्त’ हे रुळलेले शब्द आहेत. रोग किंवा क्षेत्र असेल तर ‘बाधित’. त्यांना इतिहास आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, पुण्यात हाहाकार झाला, आणि नंतर विस्थापितांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. ‘पूरग्रस्त वसाहत’ हे नाव पाणी ओसरल्यावर कितीतरी वर्षं लोकांच्या पत्त्यात राहिलं. ‘प्रकल्पग्रस्त’ तर दाखल्यावरचा शब्द आहे. त्यावर पुनर्वसनाचे हक्क अवलंबून असतात. अशा ठिकाणी सौम्य वाटतो म्हणून दुसरा शब्द घालू नका.

५. किती काळ टिकलं ते ठरवा

‘दूरगामी’ आणि ‘दीर्घकालीन’ ही विशेषणं आता इतकी झिजली आहेत की वाचणारा त्यांच्यावरून पुढे सरकतो. त्याऐवजी टिकणं ज्याच्या अर्थातच आहे असं नाम निवडा.

‘छाप’ पडते, पहिल्या भेटीतही पडू शकते आणि पुसलीही जाते. ‘ठसा’ उमटतो आणि राहतो. ‘छाप सोडली’ हे हिंदीवरून आलेलं आहे, मराठीत छाप पाडतात. ‘वण’ म्हणजे जखम भरल्यानंतर उरलेली खूण. जखम अजून ओली असेल तर वण म्हणू नये. ‘सावट’ अजून न घडलेल्या किंवा पूर्ण न सरलेल्या संकटाचं असतं: सणावर दुष्काळाचं सावट. ‘धसका’ माणूस घेतो, ‘वचक’ बसतो, ‘जरब’ बसते. तिन्हींत भीती आहे, पण धसका घेणारा हादरलेला असतो आणि वचक बसलेला सावध झालेला असतो.

‘पायंडा’ हा शब्द मला सार्वजनिक लेखनात जास्त दिसावा असं वाटतं. एकदा केलेली गोष्ट पुढच्यांसाठी वाट बनते तेव्हा पायंडा पडतो. त्या एका कृतीने नुकसान थोडं झालं असेल, तरी वाट पडली हे मोठं. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही म्हण नेमकं तेच सांगते. नियम मोडल्याची बातमी लिहिताना तात्पुरत्या नुकसानाबरोबर पायंड्याचाही विचार करा.

सवयीच्या रूपाने टिकणाऱ्या परिणामांचे शब्द शरीराभोवती फिरतात. गोष्टी अंगवळणी पडतात, अंगी बाणतात, हाडीमाशी खिळतात. संगतीचा परिणाम असेल तर गुण ‘लागतो’: ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. कारण संपलं तरी वळण उरतं, त्यासाठी ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’.

आणि काही घटना इतक्या खोल गेल्या की त्याच शब्द झाल्या. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला, आणि आजही निवडणुकीत धुव्वा उडाला की आपण ‘पानिपत झालं’ म्हणतो. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. आज्ञापत्रात ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं गेलं अशी आख्यायिका आहे, आणि त्यातून ‘ध चा मा करणे’ आलं. हे वाक्प्रचार जरूर वापरा, पण प्रमाण सांभाळून. एका जागेने हरलेल्याचं पानिपत होत नाही.

६. दोष कुणाच्या माथी जातो ते पाहा

इथे घाई करू नका. परिणामाचा प्रत्येक शब्द जबाबदारी कुठेतरी ठेवत असतो, तुम्ही लक्ष दिलंत की नाही याची तो वाट पाहत नाही.

कर्मविचारातून मराठीत बरेच शब्द आले. संचित म्हणजे आधीच्या कर्मांचा साठा, प्रारब्ध म्हणजे त्यातला भोगायला सुरू झालेला भाग, क्रियमाण म्हणजे आत्ता घडत असलेलं कर्म. अध्यात्मावर लिहिताना हे तीन शब्द एकमेकांच्या जागी घालू नका. पण रोजच्या लेखनात एखाद्याच्या आजाराला, अपंगत्वाला किंवा गरिबीला ‘भोग’ किंवा ‘प्रारब्ध’ म्हणणं म्हणजे ते त्याने स्वतः ओढवून घेतलं असं सुचवणं आहे. बोलणारा स्वतःबद्दल म्हणत असेल तर त्याच्या शब्दांत राहू द्या. तुमच्या निवेदनात नको.

‘पायगुण’ तर मी निवेदनात कधीच राहू देत नाही. घरात नुकत्याच आलेल्या सुनेला, तिने काहीही केलेलं नसताना, घरातल्या बऱ्यावाईटाचं कारण ठरवणारा हा शब्द आहे. या शब्दाने किती मुलींचं आयुष्य कडवट केलं असेल! ‘हातगुण’ त्याचा भाऊ वाटतो, पण त्यात निदान काहीतरी केलेलं असतं: वैद्याचा हातगुण, लावणी करणारीचा हातगुण.

दुसरा धोका याच्या उलट. दोष कुणावरच न ठेवणारी वाक्यं. ‘चुका झाल्या’, ‘दुर्दैवी घटना घडली’, ‘पावसामुळे पूल कोसळला’. पूल वर्षानुवर्षं तपासला गेला नव्हता हे तुम्हाला खात्रीने माहीत असेल, तर एकट्या पावसावर ढकलणं बरोबर नाही. माहीत नसेल तर ‘पावसात पूल कोसळला’ असं लिहा. ‘मुळे’ काढून ‘त’ ठेवला की कारणाचा निवाडा न देता वेळ तेवढी सांगितली जाते. एवढ्याशा बदलाने वाक्य प्रामाणिक होतं.

तसाच ‘गालबोट’. मूळचं गालबोट म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लावलेला काजळाचा लहानसा ठिपका. चांगल्या चाललेल्या समारंभात किरकोळ बेबनाव झाला तर गालबोट लागलं म्हणावं. मिरवणुकीत माणूस दगावला त्याला ‘उत्सवाला गालबोट’ लिहिलं की एक जीव ठिपक्याएवढा होतो. हा प्रयोग मथळ्यात दिसला तर संपादकाशी भांडा.

७. काहीच झालं नसेल तर तेही नेमकं सांगा

‘कोणताही परिणाम झाला नाही’ हे शेवटचा उपाय म्हणून ठेवा. सांगितलेलं ऐकलंच नाही: पालथ्या घड्यावर पाणी. थोडी सुधारणा होऊन पुन्हा जुनंच सुरू: ये रे माझ्या मागल्या. प्रयत्न प्रामाणिक पण यश नाही: निष्फळ. मुळातच पोकळ असलेला दावा: फोल. निष्फळ प्रयत्नाला फोल म्हटलं तर तो करणाऱ्याचा अपमान होतो.

८. लिहिलेला परिच्छेद तपासून पाहा

समजा, तुमच्या हातात हा मजकूर आहे: ‘कारखान्याच्या सांडपाण्याचा नदीवर मोठ्या प्रमाणात परिणाम झाला. त्याचा परिणाम मच्छीमारांवर झाला. परिणामी ग्रामस्थांवरही त्याचा परिणाम दिसून आला.’

प्रत्येक ‘परिणाम’खाली रेघ मारा आणि पहिल्या पायरीतले चार प्रश्न विचारा. मग वाक्यं अशी होतील: ‘कारखान्याने सांडपाणी प्रक्रिया न करता नदीत सोडलं. मासे मेले. नदीवर पोट असलेल्या कुटुंबांचा हंगाम बुडाला, आणि त्याची झळ गावातल्या बाजारालाही बसली. ग्रामसभेत याचे पडसाद उमटले.’

मच्छीमारांना झळ लागली असं इथे म्हटलेलं नाही, कारण त्यांचं थेट नुकसान झालं. झळ बाजारापर्यंत पोहोचली. ‘परिणामी’ गेलं, कारण वाक्यांचा क्रमच ते काम करतो. आणि छापायला देण्यापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा करावी लागेल, ज्यांची पहिल्या मजकुरात गरजच पडली नव्हती: सांडपाणी खरोखर प्रक्रियेविना सोडलं का, मासे त्यानेच मेले का, आणि ग्रामसभा कधी झाली. यातलं पहिलं सिद्ध झालेलं नसेल तर ‘सोडलं’ऐवजी ‘सोडल्याचा ग्रामस्थांचा आरोप आहे’ असं लिहा, आणि कारखान्याचं म्हणणं पुढच्याच वाक्यात द्या.